नंबर संपतात म्हणजे नक्की काय होतं? मोबाइलच्या ओळख क्रमांकांची गोष्ट



मागच्या आठवड्यात लॅबमधल्या एका ज्युनिअरने विचारलं, "ताई, प्रत्येक डिव्हाइसला आयडी किती बिटचा देऊ? ३२ बिट पुरतील ना? चारशे कोटींच्या वर होतात!" मी सरळ "हो, दे" म्हणून मोकळी होऊ शकले असते. पण याच प्रश्नाने पहिल्या वर्षी मला चांगलंच पोळलंय. म्हणून त्याला चहाला घेऊन गेले आणि तासभर बोलले. तेच आज तुमच्यासाठी लिहिते आहे. माझी चूक काय होती तेही सांगते, पण आधी एका मोठ्या उद्योगाची गोष्ट बघू. त्यांच्याकडेही ३२ बिट होते, आणि ते संपले.

हातातल्या फोनपासून सुरुवात

तुमच्या फोनवर *#०६# डायल करा. १५ आकडी नंबर दिसेल, तो आयएमईआय. दोन सिमचा फोन असेल तर असे दोन नंबर दिसतील. हा तुमचा मोबाइल नंबर नाही. मोबाइल नंबर सिमबरोबर, म्हणजे ग्राहकाबरोबर फिरतो. हा नंबर त्या यंत्राचा आहे.

हा फरक नीट लक्षात ठेवा, कारण नियोजनाचं सगळं गणित त्यावर बदलतं. मोबाइल नंबर परत येतो. कनेक्शन बंद झालं की आपल्याकडे किमान ९० दिवसांनी तोच नंबर दुसऱ्याला देता येतो. शिवाय डायल करायची पद्धत बदलूनही जागा मोकळी करता येते. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावताना आधी शून्य लावावा लागतो, तो याचसाठी. मोबाइल नंबर दहा आकडीच राहिले आणि नव्या नंबरांना जागा झाली.

यंत्राच्या नंबराचं तसं नाही. फोन भंगारात गेला तरी त्याचा नंबर दुसऱ्या फोनला द्यायचा नाही, असा नियम. कारण तो फोन खरंच मोडीत गेला की कुणाच्या तरी कपाटात पडून आहे, हे कुणालाच ठाऊक नसतं. म्हणजे इथे नंबर फक्त खर्च होतात, जमा काही होत नाही.

ईएसएन: चारशे एकोणतीस कोटी नंबर

अमेरिकेत १९८३ मध्ये व्यावसायिक सेल्युलर सेवा सुरू झाली. तिथल्या फोनला एक ओळख क्रमांक असायचा, इलेक्ट्रॉनिक सिरियल नंबर, म्हणजे ईएसएन. एकाच्या नावावर दुसऱ्याने फुकट बोलू नये हा त्यामागचा मोठा हेतू. नंतर सीडीएमए तंत्राच्या फोननीही तोच नंबर पुढे चालवला. २००३ च्या पावसाळ्यात ५०१ रुपयांत मोबाइल मिळायची योजना घरातल्या मोठ्यांना आठवत असेल. ते सीडीएमए फोन होते, म्हणजे ही गोष्ट आपल्याही घरात येऊन गेली आहे.

ईएसएन ३२ बिटचा. एकूण शक्यता ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे सुमारे ४२९ कोटी. १९८३ साली कुणालाही हे "कधीच न संपणारे" वाटले असते.

पण नंबर एकेक करून वाटत नाहीत, गठ्ठ्याने वाटतात. ईएसएनचे पहिले ८ बिट उत्पादकाचा कोड आणि उरलेले २४ बिट त्याच्या फोनचा अनुक्रमांक. आता मोजा. ८ बिटांत २५६ कोड. प्रत्येक कोडमागे १,६७,७७,२१६ नंबर. एखाद्या छोट्या उत्पादकाने दोन लाख फोन बनवून दुकान बंद केलं, तरी त्याच्या नावावर पावणेदोन कोटींच्या आसपास नंबर अडकलेच. वापर किती, तर सव्वा टक्क्याहूनही कमी. म्हणजे ४२९ कोटी नंबर संपायच्या कितीतरी आधी २५६ कोड संपणार.

मग उपाय केला. काही ८ बिटी कोड फोडले आणि उत्पादकाचा कोड १४ बिटचा केला, अनुक्रमांक १८ बिटचा. एका जुन्या कोडमधून ६४ नवे कोड निघाले, प्रत्येकात २,६२,१४४ नंबर. छोट्यांची सोय झाली. मोठ्यांना मात्र सारखं दारात यावं लागायचं, कारण अडीच लाख फोन त्यांचे बघता बघता संपायचे.

हे सगळं करूनही न वापरलेले शेवटचे कोड नोव्हेंबर २००८ मध्ये दिले गेले. त्यानंतर उत्पादकांकडे पडून असलेले कोड परत घेऊन २०१० च्या अखेरपर्यंत कसंबसं वाटप चालवलं. घरात गॅस संपत आला की सिलिंडर आडवा करून आणखी दोन दिवस काढतो ना, तसंच.

पहिला धडा इथेच आहे: बिटांवरून काढलेली क्षमता ही कागदावरची क्षमता. खरी क्षमता गठ्ठा केवढा आणि तो कुणाला मिळतो यावर ठरते. यासाठी एक मोजमापही आहे, एचडी-रेशो. २००१ च्या आरएफसी ३१९४ मध्ये ते दिलेलं आहे. प्रत्यक्ष वापरलेल्या नंबरांचा लॉगॅरिदम भागिले एकूण शक्यतांचा लॉगॅरिदम. हा आकडा ८० टक्क्यांपर्यंत असेल तर निवांत, ८५ च्या पुढे त्रास सुरू. ३२ बिटांना लावून बघा: ८५ टक्के म्हणजे सुमारे १५ कोटी. ४२९ कोटींपैकी फक्त १५! अर्थात हा नियम इंटरनेट पत्त्यांसारख्या अनेक पातळ्यांच्या वाटपासाठी आहे. ईएसएनमध्ये पातळ्या दोनच, आणि मोठे उत्पादक आपला गठ्ठा पूर्ण भरत, त्यामुळे तिथे गाडी बरीच पुढे गेली. ठोकताळा आहे, डोळे झाकून लावू नका.

नवा नंबर आला, पण जुनी चौकट तशीच

वाटप करणाऱ्यांना शेवट दिसत होता, म्हणून आधीच नवा नंबर तयार केला होता: एमईआयडी, ५६ बिटचा. सोळाच्या पटीतल्या अंकलेखनात, म्हणजे हेक्समध्ये, १४ अंक. पहिले दोन अंक विभागाचे, पुढचे सहा उत्पादकाचे, शेवटचे सहा अनुक्रमांक.

यातली एक छोटी गोष्ट मला फार आवडते. आयएमईआयमध्ये फक्त ० ते ९ हेच अंक येतात. म्हणून एमईआयडीचे पहिले दोन अंक ए० ते एफएफ या दरम्यान ठेवले. पहिला अंक अक्षर दिसला की हा आयएमईआय नाही हे लगेच कळतं. पुढे दोन्ही प्रकारच्या नेटवर्कवर चालणारे फोन आले, त्यांच्यासाठी ९९ ने सुरू होणारा, फक्त दशमान अंकांचा गट ठेवला. नुसत्या ए० ते एफएफ या भागात २७,००० लाख कोटी नंबर बसतात. संख्येचा प्रश्न मिटला.

मग अडचण कुठे? अडचण अशी की जगभरचे टॉवर, बिलिंगची सॉफ्टवेअर, ग्राहकांचे डेटाबेस, रेडिओवरून जाणारे संदेश, या सगळ्यांत त्या नंबरासाठी ३२ बिटचीच जागा होती. एका दिवसात सगळं बदलणं शक्य नव्हतं. नव्या फोनने जुन्या नेटवर्कला "तुझा ईएसएन काय?" या प्रश्नाचं काहीतरी ३२ बिटी उत्तर देणं भाग होतं.

ते उत्तर म्हणजे स्यूडो-ईएसएन. कृती सोपी आहे. एमईआयडीवर एसएचए-१ हे हॅश फंक्शन चालवा, त्याचे शेवटचे २४ बिट घ्या, आणि पुढे हेक्समधला ८० हा राखीव ८ बिटी कोड लावा. हा कोड कुठल्याच उत्पादकाला दिलेला नव्हता, त्यामुळे स्यूडो-ईएसएन कुठल्याही खऱ्या ईएसएनशी टक्कर खात नाही. जुन्या फोनना धक्का नाही.

पण आपापसात? ५६ बिटांतून २४ बिटांत उतरलो. जागा फक्त १,६७,७७,२१६. फोन कोट्यवधी. म्हणजे दोन फोनचा स्यूडो-ईएसएन सारखा निघणारच. "प्रत्येक यंत्राचा नंबर वेगळा" हे वाक्य इथून पुढे खोटं झालं, पण त्यावर उभ्या असलेल्या यंत्रणांना ते कुणी कळवलं नव्हतं.

टक्कर कुठे चालते आणि कुठे नाही

आता कागद-पेन घ्या. वर्गात तेवीस जण असतील तर दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, हे गणित तुम्हाला माहीत असेल. इथेही तेच. जोड्या मोजायच्या आणि जागांच्या संख्येने भागायचं.

पहिलं ठिकाण, रेडिओ. सीडीएमएमध्ये सगळे फोन एकाच वेळी एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलतात. टॉवर त्यांना वेगळं ओळखतो ते प्रत्येकाच्या कोडमुळे. हा ४२ बिटी कोड ठरवणारा मास्क बनायचा ईएसएनपासून: १० ठरलेले बिट आणि उरलेले ३२ म्हणजे उलटसुलट केलेला ईएसएन. एकाच सेक्टरमध्ये सारख्या स्यूडो-ईएसएनचे दोन फोन एकाच वेळी बोलायला लागले, तर दोघांचा मास्क एकच. टॉवरला ते वेगळे करता येत नाहीत. आवाज एकमेकांत मिसळणार किंवा कॉल तुटणार.

याची शक्यता किती? माझं गृहीतक: एका सेक्टरमध्ये एका वेळी ३० कॉल, आणि सगळेच फोन नवे. जोड्या ३० × २९ ÷ २ = ४३५. भागिले १,६७,७७,२१६. म्हणजे साधारण ३८,५०० त एक. "अगदीच किरकोळ!" असं वाटतं ना? थांबा. नेटवर्कमध्ये १०,००० सेक्टर धरा. कुठल्याही क्षणी टक्कर होणाऱ्या जोड्यांची सरासरी ०.२६. कॉल दर तीन मिनिटांनी बदलतात असं धरलं तर गर्दीच्या पाच तासांत १०० फेऱ्या होतात. म्हणजे दिवसाला सुमारे २६ टक्करी. एकेका ग्राहकासाठी नगण्य, पण कंपनीसाठी रोजचीच.

दुसरं ठिकाण, डेटाबेस. १० लाख ग्राहकांची यादी, सगळ्यांचे नवे फोन. जोड्या जवळपास ५०,००० कोटी. भागाकार केला की सुमारे २९,८०० जोड्यांचा नंबर सारखा. दुसऱ्या शब्दांत, ५८ हजारांच्या आसपास ग्राहकांचा नंबर दुसऱ्या कुणाशी तरी जुळतो. आता समजा एकाचा फोन चोरीला गेला आणि कंपनीने तो ३२ बिटी नंबर काळ्या यादीत टाकला. भलत्याच माणसाचा फोन बंद! त्याने काय केलं होतं? काहीच नाही. त्याचे शेवटचे २४ बिट जुळले, एवढंच.

नंबर एकच, टक्करीचं मूळ कारणही एकच, पण एका ठिकाणी ती "क्वचित" आणि दुसऱ्या ठिकाणी "ठरलेली". म्हणून उपायही वेगवेगळे झाले. रेडिओसाठी मास्क ईएसएनवरून न काढता टॉवरनेच नेमून द्यायची सोय पुढच्या मानकात आली. डेटाबेससाठी पूर्ण ५६ बिटी एमईआयडी साठवणं आणि शोधाची किल्ली बदलणं हाच मार्ग होता. सिमसारख्या काढता येणाऱ्या कार्डांचा ३२ बिटी नंबरही याच वाटेने गेला. त्यालाही मोठा नंबर आणि तसाच स्यूडो नंबर द्यावा लागला. एक चौकट बदलली की शेजारची हलतेच.

आता माझी चूक

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी शेतातल्या सेन्सरच्या नेटवर्कवर काम करत होते. सुमारे ३०० नोड, मातीचं तापमान आणि ओलावा मोजणारे. प्रत्येक नोडला कारखान्यातून आलेला ६४ बिटी पत्ता होता. पण बॅटरी वाचवायला पॅकेट लहान हवं, म्हणून मी त्याचा हॅश काढून १६ बिट ठेवले. "६५,५३६ जागा, नोड तीनशे. दोनशे पट जागा आहे!" असं मी वहीत लिहिलंय. अजून आहे ती वही.

चार महिन्यांनी एका नोडच्या आलेखात रोज दुपारी तापमान वरखाली उड्या मारताना दिसलं. मी तीन आठवडे घालवून त्यावर सिंचनाच्या वेळांचं एक छान स्पष्टीकरण रचलं. परिषदेसाठी सारांशही पाठवला. मग मॅडमनी कच्ची फाइल उघडली आणि एकच विचारलं, "अगं, या नोडकडून तासाला सहाऐवजी बारा रीडिंग का येतायत?"

नोड एक नव्हताच, दोन होते. एक पॉलिहाउसमध्ये, दुसरा उघड्या रानात. दोघांचे १६ बिट सारखे. ३०० नोडच्या जोड्या ४४,८५०, जागा ६५,५३६. टक्कर होण्याची शक्यता जवळपास ५० टक्के! नाणं उडवून मी डेटा गोळा करत होते. आणि पूर्ण पत्ता कुठेच साठवला नव्हता, त्यामुळे दोघांचं चार महिन्यांचं काम वेगळं करता आलं नाही. फेकून द्यावं लागलं. सारांश मागे घेतला. त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये काय वाटलं ते इथे लिहीत नाही.

ईएसएनचा इतिहास मी त्यानंतर वाचला. आधी वाचला असता तर?

आयएमईआयचं काय?

सीडीएमए सेवा आपल्याकडे २०१७ पर्यंत जवळपास संपली. आता उरला आयएमईआय. त्याचे पहिले आठ अंक टीएसी, म्हणजे मॉडेलचा कोड. पुढचे सहा अनुक्रमांक. शेवटचा तपासणीचा अंक. एका टीएसीत १० लाख फोन. तीन कोटी खपणाऱ्या मॉडेलला किमान ३० टीएसी लागतात, आणि दोन सिम असतील तर प्रत्येक फोन दोन नंबर खातो. उलट २० हजारच खपलेल्या मॉडेलने एक टीएसी घेतला तर ९८ टक्के जागा वाया. टीएसीचे पहिले दोन अंक नंबर देणाऱ्या संस्थेचे, म्हणजे एका जोडीच्या वाट्याला जास्तीत जास्त १० लाख टीएसी. एका संस्थेकडचे संपत आले आणि दुसरीकडे पडून आहेत, असं होऊ शकतं. गठ्ठ्याचा धडा इथेही तोच.

आणि एक गोष्ट. वेगळेपणा फक्त नंबर संपल्यानेच मोडतो असं नाही. २००९ च्या अखेरीस आपल्याकडे आयएमईआय नसलेल्या किंवा खोटा असलेल्या फोनची सेवा बंद करावी लागली होती. २०२० मध्ये मेरठ पोलिसांना एकाच आयएमईआयवर १३ हजारांहून जास्त फोन चालू असल्याचं आढळलं. तिथे नंबर मुबलक होते, नियम पाळला गेला नव्हता. म्हणून "पुरेसे बिट आहेत" आणि "प्रत्येकाचा नंबर वेगळा आहे" ही दोन वेगळी विधानं आहेत. दुसरं तपासावं लागतं.

आपल्या कामासाठी पाच प्रश्न

आयडीची योजना करण्याआधी हे वहीत लिहा आणि उत्तरंही लिहा:

१. नंबर एकेक करून देणार की गठ्ठ्याने? सर्वात छोट्या घेणाऱ्याकडे किती टक्के वाया जातील?

२. नंबर परत येणार का? येणार असतील तर किती काळाने, आणि जुन्या नोंदींचं काय?

३. हा नंबर वेगळाच आहे असं कोण कोण धरून चाललंय? प्रोग्राम, तक्ते, आलेख, सहकारी, सगळ्यांची यादी करा. ईएसएनच्या वेळी सगळ्यात जड काम बहुधा हेच गेलं असणार.

४. नंबर हॅश करून छोटा करताय का? मग जोड्या मोजा. "जागा किती पट आहेत" हा प्रश्न चुकीचा आहे, मी केला होता तो.

५. योजना बदलायची वेळ आली तर जुनी यंत्रणा नव्या नंबराकडे बघून काय समजेल? ८० आणि ए० ही दोन उदाहरणं आठवा. थोडी जागा पहिल्या दिवसापासून राखून ठेवा.

आणि एक फुकटचा सल्ला: पॅकेटमध्ये छोटा आयडी पाठवा हवं तर, पण पूर्ण पत्ता कुठेतरी साठवाच. महिन्यातून एकदा प्रत्येक आयडीची रीडिंग मोजा. सहाच्या जागी बारा दिसली तर सिद्धांत मांडू नका, आधी नोड मोजा.

त्या ज्युनिअरला मी शेवटी काय सांगितलं? त्याची ८०० डिव्हाइस आहेत आणि तो नंबर क्रमाने देणार आहे, हॅश करून नाही. म्हटलं, "मग ३२ काय, १६ बिटही पुरतील. पण क्रम कोण देणार आणि दुसऱ्या कॉलेजची टीम जोडली गेली तर काय, ते आधी लिहून आण." तो दोन दिवसांनी दोन पानं घेऊन आला. दुसऱ्या टीमनेही एकपासूनच क्रमांक सुरू केले होते.

तुमच्यासाठी गृहपाठ: ८०० डिव्हाइसचे नंबर हॅश करून २४ बिट ठेवले तर टक्कर होण्याची शक्यता किती? आणि १६ बिट ठेवले तर? उत्तरं कॉमेंटमध्ये लिहा, जोड्यांच्या गणितासकट. भेटू पुढच्या लेखात.